स्पीकरमधली घरघर आणि ॲलन ब्लुमलाइन

हिंगोलीत गॅदरिंगचा साऊंड लागला की पहिल्या गाण्याआधी स्पीकरमधून 'घूंऽऽ' ऐकू येतं. रूमवर पीसीला ॲम्प्लिफायर जोडला तरी तेच. मग कोणीतरी हुशार सल्ला देतो, आरसीए वायर फेक आणि बॅलन्स्ड घे म्हणून. या भांडणात ज्याचं नाव यायला हवं, तो माणूस आपल्या सिलॅबसमध्ये आहे, पण बिननावाचा.

ॲलन ब्लुमलाइन २९ जून १९०३ रोजी लंडनमध्ये जन्मला. लहानपणी वाचनात इतका कच्चा, की बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं म्हणतात. (केटीवाल्यांनी हुरळून जाऊ नये, पुढे पठ्ठ्या फर्स्ट क्लासमध्ये इंजिनिअर झाला.) पहिली नोकरी टेलिफोनची. लांबच्या लाइनवर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरायचं, ते कमी करण्याचं काम त्याच्याकडे होतं. दोन तारा जमिनीच्या तुलनेत अगदी सारख्या ठेवल्या, तर बाहेरचा गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत उडून जातो. टेलिफोनवाल्यांना हे आधीपासून माहीत होतं, ब्लुमलाइनच्या मात्र ते अंगात भिनलं.

१९२९ मध्ये तो रेकॉर्डच्या धंद्यात आला. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण स्टीरिओ रेकॉर्ड दुकानात यायला १९५८ उजाडलं. तोवर पेटंटची मुदतही संपली होती!

१९३६ चं त्याचं दुसरं पेटंट म्हणजे आपला डिफरन्शियल ॲम्प्लिफायर, तेव्हा व्हॉल्व्हचा. १२ मे १९३७ ला इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक टीव्हीवर दाखवायची होती. हाइड पार्क कॉर्नरपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत कित्येक मैल बॅलन्स्ड केबल टाकली आणि शेवटी या सर्किटने गोंगाट वजा केला.

आता आपल्या रूमचं. आरसीएमध्ये वरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, म्हणून दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला फरक थेट गाण्यात मिसळतो. वायर मीटरभर असेल आणि सगळं एकाच बोर्डावर असेल, तर आरसीएच पुरते. स्टेजपासून मिक्सरपर्यंत मात्र बॅलन्स्डच हवं. आणि एक लक्षात ठेवा, नुसतं एक्सएलआर सॉकेट बसवून काही होत नाही. आतलं सर्किटही बॅलन्स्ड लागतं. दुकानदार हे सांगत नाही.

युद्धात ब्लुमलाइन विमानातल्या रडारवर काम करू लागला. ७ जून १९४२ ला चाचणीच्या वेळी हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाने पेट घेतला. विमानातले अकराही जण गेले. तो ३८ वर्षांचा होता, नावावर १२८ पेटंट्स. पुढे तपासात निघालं, इंजिनातला एक छोटा नट नीट आवळलेला नव्हता. रडार गुप्त, म्हणून मरणाची बातमीही दाबून ठेवली गेली. त्याला टेक्निकल ग्रॅमी मिळालं ते २०१७ साली.