खतं इंद्रायणीत गेली



तुकोबारायांचे चरित्र लावले की पुष्कळ कीर्तनकार दुष्काळ दोन वाक्यांत उरकतात आणि वैकुंठाच्या विमानाकडे धावतात. आमचं म्हणणं असं, की दुष्काळापाशी जरा थांबावं. महाराज तिथंच घडले.

घर देहूचं, मोऱ्यांचं. महाजनकी होती, शेत होतं, दुकान होतं, सावकारी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती. थोरल्या सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून वडील बोल्होबांनी कारभार तुकोबांवर सोपवला. वय कोवळं. पुढं आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थांना निघून गेले. पहिल्या पत्नी रखमाबाई दमेकरी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई दुसरी केलेली.

इ.स. 1630 च्या सुमाराला पाऊस गेला. नुसतं देहू नव्हे, दख्खन आणि गुजरात सगळा वाळला. त्यातच आदिलशाही फौजेनं पुणं उजाड केलं. महाराजांचं दुकान बुडालं, गुरं गेली. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. लहानगा संतूही गेला. सावकाराच्या घरात भुकेनं मरण आलं, मग कुणब्याच्या घरात काय झालं असेल ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आता इथं नीट बघा. दुष्काळ सरला की सावकाराची सुगी असते. कुळाचे हात रिकामे, पण कर्जाचे कागद पेटीत शाबूत. महाराजांनी तगादा लावला असता तर कितीकांची रानं घरात आली असती, बुडालेला धंदा वर आला असता. पण ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले होते. धाकट्या कान्होबांनी त्यांना हुडकून काढलं. खाली आल्यावर दोघं भाऊ इंद्रायणीकाठी बसले आणि खतांच्या वाटण्या केल्या. अर्धी कान्होबांना दिली, कारण दुसऱ्याच्या हक्कातून दान करायचं नाही एवढा व्यवहार महाराजांना ठाऊक होता. आपली अर्धी त्यांनी डोहात सोडली. वैराग्य म्हणजे डोंगर चढणं असं लोक समजतात. डोंगर उतरून महाराजांनी काय केलं, ते कुळांना विचारायला हवं होतं.

जिजाईला कजाग म्हणून कीर्तनात हशा मिळवतात, ते आम्हाला पटत नाही. बुडालेल्या कागदांत तिच्या लेकरांची भाकरी होती. महिपतीबुवांनी लिहिलंय, की पुढं तिनंच आपल्या नावावर 200 रुपये कर्ज काढून महाराजांना धंद्याला दिले. मिठाच्या व्यापारात त्याचे 250 झाले. परतताना एक गांजलेला ब्राह्मण भेटला, महाराजांनी सगळे त्याच्या ओंजळीत घातले आणि रिकाम्या हातानं घरी आले. कर्ज जिजाईच्या नावावर तसंच राहिलं. दुसऱ्याचं दुःख महाराजांनी अंगावर घेतलं खरं, पण त्यातला मोठा भार ह्या माउलीनं वाहिला. ती बोलली असेल. बोलणारच.

फाल्गुन वद्य बीजेला महाराज गेले तेव्हा नारायणबाबा तिच्या पोटात होते. त्यांना तिनं वाढवलं. पुढं 1685 साली त्याच नारायणबाबांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्याही घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आपली दिंडी 100 वर्षं चालते ती त्याच पालखीबरोबर.