ॲनाची दोन गरोदरपणे: आईचा ताण आणि बाळाची फिट

मुलाला फिट आली, की दिवस असताना आपण फार ताण घेतला म्हणून हे झाले का, असे आई विचारते. कधी ती विचारत नाही, घरची माणसे तिला ऐकवतात. तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की (१८२१–१८८१) यांच्या घरात काय घडले ते वाचा.

त्यांना स्वतःला अपस्मार होता. सायबेरियातील सक्तमजुरीच्या काळात झटके ठळकपणे दिसू लागले आणि पुढे जन्मभर येत राहिले. १८६७ मध्ये त्यांनी आपल्याकडे लघुलेखनाचे काम केलेल्या, विशीतल्या ॲनाशी लग्न केले. देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे दोघे परदेशी गेले. बाडेन-बाडेनला दोस्तोयेव्हस्की जुगारात हरत राहिले; लग्नाच्या अंगठ्या आणि ॲनाचे कपडेसुद्धा गहाण पडले. ॲना तेव्हा गरोदर होती. जिनिव्हात कळा सुरू झाल्या त्या रात्री पतीला मोठी फिट येऊन गेली होती आणि ते गाढ झोपले होते. ती एकटीच सकाळपर्यंत कळा सोसत राहिली. यापेक्षा जास्त ताण तो कोणता? मार्च १८६८ मध्ये सोन्या जन्मली आणि तीन महिन्यांतच गेली. पण न्यूमोनियाने, फिटने नव्हे.

धाकटा अल्योशा ऑगस्ट १८७५ चा. तोवर जुगार सुटून चार वर्षे झाली होती, संसार बराच सावरला होता. तरी फिट आली ती यालाच. मे १८७८ मध्ये, तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, झटके सुरू झाले ते थांबलेच नाहीत. त्याच दिवशी तो गेला. आपलाच आजार मुलात उतरला, या विचाराने वडील खचले. पुढच्या कादंबरीत, ‘ब्रदर्स कारामाझोव’मध्ये, धाकट्या भावाला त्यांनी अल्योशा हेच नाव दिले.

एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. उंदरांवरच्या प्रयोगांत गरोदर मादीला ताण दिल्यावर पिलांना झटके लवकर येतात, असे दिसले आहे. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा वाढत्या मेंदूवर परिणाम होत असावा. माणसांत मात्र आईच्या ताणामुळे बाळाला थेट अपस्मार होतो, हे सिद्ध झालेले नाही. दीर्घकाळच्या तीव्र ताणाने दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि फार लवकर जन्मलेल्या बाळांत फिटचे प्रमाण जास्त असते. संबंध असलाच तर असा आडवळणाचा. आनुवंशिकता, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूचा जंतुसंसर्ग ही कारणे कितीतरी मोठी आहेत. गरोदरपणात झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. पण ते आधी तुमच्या स्वतःसाठी.

अल्योशाच्या वेळी न थांबणारी फिट आवरणारे आजच्यासारखे औषध नव्हते. मुलाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच रुग्णालय गाठा. पहिलीच फिट असेल, तर थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.