थॉमस क्यूबिट : एका सुताराची राजवाड्यापर्यंत वाटचाल

आपल्या ज्ञातीतील तरुणांस रंधा-पटाशी हाती धरावयास अलीकडे संकोच वाटतो, ही वडील मंडळींची तक्रार आमच्या कानी वारंवार येते. त्या तरुणांकरिता एका आंग्ल सुताराचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

थॉमस क्यूबिट यांचा जन्म सन १७८८ मध्ये नॉरिच शहरानजीक बक्स्टन ह्या गावी एका सुताराच्या घरी झाला. काही काळ रोजंदारीवर राबल्यावर ते जहाजावरील सुतार म्हणून हिंदुस्थानची सफर करून आले व गाठीस जमलेल्या पुंजीवर त्यांनी लंडनमध्ये धंदा मांडला. त्या काळी इमारतीचे प्रत्येक काम निराळ्या मक्तेदाराकडे असे. एकाने दिरंगाई केली की सर्वांचेच अडे. सन १८१५ मध्ये 'लंडन इन्स्टिट्यूशन'च्या इमारतीचे काम मिळाल्यानंतर क्यूबिट यांनी सुतार, लोहार, गवंडी, काचकाम करणारे अशा सर्व कारागिरांस आपल्याच कारखान्यात कायम पगारावर ठेविले. परंतु कायम पगार द्यावयाचा तर कामही कायम हवे! म्हणून ते स्वतःच जमिनी घेऊन घरे बांधू लागले. बेल्ग्रेव्हियाच्या दलदलीतील चिकणमाती काढून त्यांनी तिच्याच विटा भाजल्या आणि खालच्या रेताड थरावर पाया घातला. ह्याला म्हणावे धंद्याचे डोके!

सन १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांनी वाइट बेटावरील ऑस्बर्न येथे वाडा बांधण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. तेथील समुद्र पाहून आल्बर्ट यांस नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. म्हणून वाड्याची धाटणी इटालियन ठरली. दोन उंच मनोरे, सपाट छपरे, समुद्राकडे उतरत गेलेल्या सज्जांच्या बागा. बाहेरून भिंती घडीव दगडाच्या भासतात. वस्तुतः त्या विटांच्या असून वर दगडाचा आभास देणारा सिमेंटचा गिलावा आहे. आगीच्या भयास्तव तुळया लोखंडी घातल्या. सन १८५१ मध्ये काम पुरे झाले.

सन १८५४ च्या ऑगस्टात टेम्सकाठचा त्यांचा कारखाना आगीत भस्मसात झाला. नुकसान सुमारे ३०,००० पौंडांचे. वार्ता कळताच त्यांनी आठवड्याच्या आत कामे सुरू होतील असा निरोप कामगारांस धाडिला व त्यांच्या जळालेल्या हत्यारांसाठी ६०० पौंड देऊ केले. स्वतःच्या हानीपूर्वी त्यांना कारागिरांच्या करवती आठवल्या, कारण हत्यार गेले म्हणजे चूल विझते हे ते जाणून होते. आमच्या मते त्यांच्या सर्व इमारतींहून हे कृत्य थोर होय.

२० डिसेंबर १८५५ रोजी ते निवर्तले. त्यांचे बंधू विल्यम पुढे लंडनचे लॉर्ड मेयर झाले, आणि राजे चार्ल्स यांच्या राणी कॅमिला ह्याही त्यांच्याच वंशातील होत.

ऑस्बर्नला पुढे एक हिंदी सुतारही पोहोचला. सन १८९१ च्या सुमारास तेथे जो दरबार महाल सजला, त्याची नक्षी पंजाबातील सुतार कुळात जन्मलेले भाई रामसिंग यांनी आपले गुरू लॉकवुड किपलिंग यांच्या समवेत सिद्ध केली. हे किपलिंग पूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. सन १९०१ मध्ये राणी त्याच वाड्यात वारली व पुढील वर्षी सातव्या एडवर्डने तो राष्ट्रास अर्पण केला. दरबार महाल आजही प्रेक्षकांस पाहावयास मिळतो.