पॉल एर्लिख : रामबाण औषधाचा शोधक

पोटांत घेतलेलें औषध थेट रोगाच्याच ठिकाणीं जातें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें रक्तावाटे शरीरभर पसरतें आणि निरोगी अवयवांसही त्याचा ताप सोसावा लागतो. हा दोष टाळण्याचा ध्यास घेणाऱ्या पॉल एर्लिख ह्या जर्मन संशोधकाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखें आहे.

एर्लिख ह्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजीं सायलेशिया प्रांतांतील स्ट्रेलेन गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. वैद्यक शिकत असतांना त्यांना रंगांचें वेड लागलें. एखादा रंग विवक्षित पेशींवरच चढतो, शेजारच्या पेशींना शिवतही नाहीं, हें ते सूक्ष्मदर्शकांतून पाहत. रंग जर आपलें ठिकाण ओळखतो, तर औषधानें कां ओळखूं नये? रोगजंतूंचा अचूक वेध घेऊन शरीरास धक्का न लावणारें औषध शोधणें हेंच पुढें त्यांचें जीवितकार्य झालें.

मार्ग सोपा नव्हता. क्षय जडल्यामुळें १८८८ सालीं त्यांना हवापालटासाठीं इजिप्तला जावें लागलें. १९०८ सालीं रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल मेचनिकॉफ ह्यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तरी ते थांबले नाहींत. फ्रांकफुर्ट येथील त्यांच्या संस्थेंत सोमलाचीं शेंकडों संयुगें तपासलीं जात. त्यांतील ६०६ क्रमांकाचें संयुग निरुपयोगी म्हणून बाजूस पडलें होतें. १९०९ सालीं जपानी सहकारी साहाचिरो हाता ह्यांनीं तें चिकाटीनें पुन्हां तपासलें आणि तें उपदंशावर गुणकारी ठरलें. १९१० सालीं तें साल्वरसान ह्या नांवानें बाजारांत आलें. परंतु तें वापरण्याची रीत अवघड होती. कांहीं रोग्यांस अपाय झाला व टीकेचा भडिमार झाला. एर्लिख ह्यांनीं १९१२ सालीं अधिक सोयीचें निओसाल्वरसान पुढें आणलें. २० ऑगस्ट १९१५ रोजीं ते निवर्तले.

त्यांचें स्वप्न मात्र मावळलें नाहीं. १९६५ सालीं अ‍ॅलेक बँगहॅम ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं स्निग्ध द्रव्यांच्या अतिसूक्ष्म पिशव्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशा पिशव्यांत औषध भरून पाठवितां येतें. त्यांच्या पडद्यांत साबणासारख्या गुणाचें द्रव्य मिसळलें कीं त्या लवचिक होतात. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्शाएवढी अशी पिशवी अंग चोरून आपल्याहून अरुंद छिद्रांतून पार होऊं शकते. म्हणून सुईवांचून, त्वचेवाटे औषध आंत पोंचविण्यासाठीं तिचा उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

औषधानें रोग्यासच दुखवूं नये, ही एर्लिख ह्यांची तळमळ ह्या प्रयत्नांच्या मुळाशीं आहे; आणि टाकून दिलेली वस्तु पुन्हां एकदां तपासून पाहावी, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा धडा आपणां सर्वांसाठीं आहे.