एका खोलीतला अभ्यास

बजाजनगरात अनेक घरी बाबा रात्रपाळीवरून परततात तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. एकाच खोलीत कोणी झोपलेले असते, कोणी स्वयंपाक करते आणि कोपऱ्यात दहावीचा अभ्यास चालतो. अशा घरात मुलांची झोप, मन आणि अभ्यास कसा सांभाळावा, हा आपल्यापैकी पुष्कळांचा प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मोठेपण आपण सारे जाणतो. आज त्यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहू या.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई वारल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना वेगळे बसावे लागे, पाण्याला हात लावता येत नसे. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले.

तिथे सगळ्यांना मिळून एकच खोली होती. रामजींनी त्यातून वाट काढली. ते मुलाला लवकर झोपवत आणि स्वतः जागत. पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे होत. उशाशी जाते, पायाशी शेळी आणि समोर तेलाचा दिवा, असा तो अभ्यास चाले. पुस्तक हवे असले तर रामजी आपल्या विवाहित लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून आणत.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना तिथे हेरले आणि चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता.

१९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. नव्या मोकळेपणात सुरुवातीचे काही दिवस खेळण्या-फिरण्यात आणि गप्पांत गेले. मग आपण इथे कशासाठी आलो याचा त्यांनी विचार केला आणि दिवसाची शिस्त स्वतःच ठरवली. वसतिगृहात भेटलेला नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा जन्माचा मित्र झाला. पुढे लंडनमध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हा याच मित्राने मदत पाठवली.

एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात घ्यावी. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहून रात्र रात्र वाचत. ती गरिबीची सक्ती होती. मुलांपुढे त्यांचा आदर्श ठेवताना उपास आणि जागरण यांचा आदर्श ठेवू नये. उत्तरायुष्यात त्यांना मधुमेहाने गाठले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. मोठेपणी त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, कुत्री पाळली, बागेची हौस केली. मनाला विसावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक होते.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती, तेव्हा १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतील कितीतरी गरीब मुले तिथे शिकून उभी राहिली.

आपल्याला काय करता येईल? मुलांची झोपेची वेळ ठरवू या आणि ती पाळता यावी म्हणून आपला टीव्ही व मोबाईलही त्या वेळी बंद ठेवू या. मुलांचे मित्र कोण, हे प्रेमाने विचारू या. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यासाठी धर्मग्रामाचे सभागृह संध्याकाळी दोन तास उघडता येईल का, याचा विचार युवक मंडळाने जरूर करावा. आणि रस्त्यात एखादा मुलगा किंवा मुलगी पुस्तक घेऊन एकटी बसलेली दिसली, तर केळुसकर गुरुजींसारखे दोन मिनिटे थांबून चौकशी करू या.