निरोप्या क्वेकर

सुरतेच्या पर्वत पाटियाहून दांडी फार दूर नाही. तेथील मिठाच्या सत्याग्रहाची आगाऊ सूचना व्हाइसरॉयांकडे नेली ती रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या इंग्रज तरुणाने. १९०५ साली जन्मलेले रेनॉल्ड्स क्वेकर पंथात वाढले. राज्यक्रांतीतही शस्त्र धरू नये, सरकारचे कायदे पाळावेत. मात्र विवेकाविरुद्ध असलेली आज्ञा उघडपणे नाकारून शिक्षा सोसावी, ही या पंथाची शिकवण.

पत्र २ मार्च १९३० चे. वाचून पटले तरच न्यावे, असा गांधीजींचा आग्रह. रेनॉल्ड्स यांनी ते वाचले, त्यांना पटले, आणि स्वतःच्याच राष्ट्राच्या सरकारदारी त्यांनी ते पोहोचते केले. १९५८ साली ते निवर्तले.

शब्बाथशाळेत रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय शिकवताना प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५ हाही उघडावा.