सुलताना चाँदबीबी : मसलत आणि नेतृत्व

स्त्रीने नेतृत्व करावे काय, हा प्रश्न आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील कुटुंबांतही विचारला जातो. चाकण एकेकाळी ज्या निजामशाहीत मोडत असे, त्याच घराण्यातील एका कन्येचे चरित्र या प्रश्नाच्या मुळाशी नेते.

चाँदबीबी ही अहमदनगरच्या हुसैन निजामशाहाची कन्या. विजापूरच्या अली आदिलशाहाशी तिचा निकाह झाला. १५८० मध्ये पतीची हत्या झाली, तेव्हा नऊ वर्षांच्या इब्राहीमच्या वतीने तिने राज्याची धुरा वाहिली. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे तिची सुटका झाली.

१५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरला वेढा दिला. माहेरी आलेल्या चाँदबीबीने बालराजा बहादुरच्या नावाने किल्ला लढवला. सुरुंगाने तट कोसळताच ती चेहऱ्यावर नकाब आणि हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली; रातोरात तट पुन्हा उभा केला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला आणि राजधानी राखली.

१६०० मध्ये शहजादा दानियालने पुन्हा वेढा घातला. लोकांच्या जीविताची हमी घेऊन किल्ला सोडावा व बालराजासह जुन्नरला जावे, अशी मसलत तिने मांडली. हमीदखानाने ती फितूर झाल्याची आवई उठवली आणि स्वकीयांनीच तिचा वध केला. अल्पावधीत किल्ला पडला, बहादुर कैद झाला.

पवित्र कुरआनातील सूरह नम्लमध्ये सबाच्या राणीची हकिकत आहे. तिने दरबाऱ्यांचा सल्ला विचारला. आपल्या सामर्थ्याची ग्वाही देऊनही त्यांनी निर्णय तिच्यावर सोपवला. विजयी राजे वस्तीची कशी नासाडी करतात, हे ओळखून तिने युद्ध टाळले. इराणच्या गादीवर बसलेल्या राजकन्येसंबंधीच्या हदीसवरून बहुसंख्य फुकहांनी सर्वोच्च सत्ता स्त्रीकडे देण्यास मनाई केली, हे खरे. तथापि मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी मसलतीने चालणाऱ्या राज्यकारभाराला त्या मनाईत धरले नाही.

मतभेद विद्वानांवर सोपवू. परंतु आपल्या घरातील आई, बहीण, पत्नी यांचा सल्ला ऐकून घेण्याविषयी मतभेद नाही. हुदैबियाच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची मसलत स्वीकारली होती. अहमदनगरच्या सरदारांनी ती सुन्नत स्मरली असती, तर चाँदबीबीचे रक्त सांडले नसते. अल्लाह आपणांस योग्य सल्ला ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.